मागचा बोल्ट

सोमवार, ता. ३

ही गाडी ज्याने कुणी बनवली त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. त्याने आधी सेन्सरचा बोल्ट हवेत धरला असणार आणि मग त्याच्याभोवती बाकीची गाडी बांधली असणार. दुसरा काही हिशोबच लागत नाही.

डेपोची व्हॅन आहे. पेशंटांना घरून दवाखान्यात न्यायचं आणि परत घरी सोडायचं, हे तिचं काम. गरम झाली की बंद पडते, थंड झाली की गुपचूप चालू होते. म्हणजे इंजिन फिरतंय की नाही ते गाडीला कळवणारा क्रँक सेन्सर गेला, यात शंका नाही. सेन्सर केवढा, तर अंगठ्याएवढा. बसवलाय इंजिनाच्या पार मागे, गिअरबॉक्सच्या डोक्यावर. तिथे इंजिन आणि केबिनची भिंत यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी फट. बोल्ट दोन. पुढचा आरशात तरी दिसतो. मागचा दिसतच नाही, नुसता बोटाला लागतो. लागला तर.

दोन्ही काढले, त्यात मनगटाची सालटी निघाली. नवा सेन्सर ठेवला, पुढचा बोल्ट लावला, आणि मागचा लावताना तो बोटांतून सुटला. खाली कुठेतरी टण् वाजलं. चुंबकाची काठी खाली सोडून गळ टाकल्यासारखा बसलो तेव्हा मिळाला. पुन्हा लावायला गेलो, पुन्हा सुटला. पुढे किती वेळा सुटला ते लिहीत नाही. शेवटी दोन्ही मुठी फेंडरवर आपटल्या. या वयात, भर दुपारी, स्वतःच्या गॅरेजात.

तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सगळी नोकरी प्रसूतिगृहात नर्स म्हणून काढली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच राहते.

"काय रे ठोंब्या, कुणावर एवढा रागावलास?"

मी सांगितलं. तिने मनगटावरचं घड्याळ काढून डब्यावर ठेवलं, बाही वर सारली आणि म्हणाली, "सरक."

मला हसू आलं. ती हसली नाही. तिचा हात लांब आणि सडपातळ आहे, तो कोपरापर्यंत सरळ आत गेला. गाल फेंडरला टेकवला आणि तिने डोळे मिटले. "हं. इथे एक भोक आहे. डाव्या अंगाला कंगोरा. ह्यातच ना?" ह्यातच. मी तिला सांगितलं, बोल्ट आधी उलटा फिरव, आट्यात बसायला आला की टक् असं बोटाला लागेल, मग सुलटा फिरव. तिने फिरवला. "लागलं टक्," म्हणाली. "अरे, आम्ही जन्मभर न बघताच सांगत आलो, डोकं कुठे आणि पाय कुठे ते. त्यापेक्षा हे सोपंय. बोल्ट लाथा तरी मारत नाही."

मग पाना लावून घट्टही तिनेच केला. माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच मी काय केलं असेल? मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून. हे मला आवडलं नाही, पण पाहिलं खरं.

बुधवार, ता. ५

डेपोचे साहेब स्वतः गाडी घ्यायला आले. "आधीच्या मिस्त्रीने अर्धं इंजिन उतरवून ठेवलं होतं आणि दोन दिवस गाडी अडकवली होती. तुम्ही एका दिवसात कसं केलंत?"

मी म्हणालो, "हात बसलाय, साहेब."

अगदी असंच म्हणालो. साहेबांनी माझ्या हाताकडे कौतुकाने पाहिलं आणि मी तो खिशात घातला.

तर झालं असं, की त्यांच्याकडे ह्याच जातीच्या बऱ्याच गाड्या आहेत आणि एकेक करून सगळ्यांचे सेन्सर दगा देताहेत. सगळ्या माझ्याकडे येणार. काम पसंत पडलं तर वर्षाची देखभालही माझ्याकडेच. समोरच्या कोपऱ्यावर काचेच्या दरवाजाचं ते नवं वर्कशॉप उघडल्यापासून माझ्याकडे फक्त जुन्या ओळखीची माणसं येतात, आणि त्यांच्या गाड्यांपेक्षा त्यांच्या गप्पाच जास्त चालतात. डेपोचं काम मिळालं तर गॅरेज राहील. नाहीतर शटर ओढायचं आणि त्या काचवाल्यांकडे ऑइल बदलायला उभं राहायचं.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "मग ताईंना सांगा की, तुमच्यामुळे काम मिळालं म्हणून."

"एक बोल्ट लावला तिने," मी म्हणालो. "एक."

ताई आतल्या खोलीत होती. ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे. जेवताना तिने मला आग्रहाने वाढलं, म्हणजे गेलं नसावं.

सोमवार, ता. १०

ताई आता रोज येते. दुसरी गाडी मी एकट्याने करून पाहिली, त्याच बोल्टाने तोच तमाशा केला. दोष बोल्टाचा आहे, फार आखूड आहे. शिवाय सध्या हात सकाळचे जरा बधिर असतात, दुपारपर्यंत सुटतात. पंख्याखाली झोपल्याचा परिणाम.

आमची पद्धत ठरून गेलीय. सुटं करायचं ते सगळं मी करतो, वायरी बाजूला घेतो, पुढचा बोल्ट लावतो. मग ताई येते, घड्याळ काढते आणि मागचा लावते. मी बॅटरीचा उजेड धरून उभा असतो. तिचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे ही बॅटरी नक्की कुणासाठी, असा प्रश्न तिने काल विचारला.

शटर मी अर्धं खाली ओढतो. रस्त्यावरची धूळ आत येते, असं तिला सांगितलंय. ती म्हणाली, "हो, धूळ फार वाईट." एवढंच म्हणाली.

आमच्या गप्पा मात्र छान होतात. लहानपणी मी विहिरीत बादली पाडली होती आणि ताईने ती गळाने काढून कुणाला न कळवता जागेवर ठेवली होती, ते मी पार विसरलो होतो. तिला मी किती रडलो तेही आठवतंय. मी रडलो नव्हतो.

गुरुवार, ता. १३

आज गाडी लवकर उरकली. चहा घेत बसलो होतो. ताईने एकदम माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "डोळे मीट. मी कुठल्या बोटाला हात लावते ते सांग."

या वयात हे खेळ. मी म्हणालो, "ताई, कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"शटर आहे ना धुळीसाठी. मीट."

मिटले. तिने बहुधा पेन्सिलीचं टोक लावलं असावं. पहिल्या दोन वेळा मला काही सांगता येईना. तिला उगाच डॉक्टरी करायची हौस, आणि ही म्हणणार चला तपासायला, म्हणून मग मी पापण्या थोड्या किलकिल्या केल्या आणि पुढची सगळी उत्तरं बरोबर दिली. फसवलं तिला. ताईने पेन्सिल खाली ठेवली, माझा हात मात्र बराच वेळ सोडला नाही. मी म्हणालो, "पास झालो ना?" तर म्हणाली, "झालास हो."

संध्याकाळपासून दोघी नणंद-भावजयींचं काहीतरी शिजतंय. माझ्या आंघोळीचं पाणी आज हिने आधी स्वतःचा हात बुडवून पाहिलं. चहाचा कपही थेट माझ्या हातात द्यायचा नाही, टेबलावर ठेवायचा. मी काय कुक्कुलं बाळ आहे? ताईला प्रसूतिगृहाची सवय, तिला सगळेच तसे दिसत असणार.

सोमवार, ता. १७

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

दुपारी ताईने नुकताच हात बाहेर काढला होता. कोपरापर्यंत काळी झाली होती, कपाळावरही ग्रीसचा डाग. आणि अर्ध्या शटरखालून वाकून डेपोचे साहेब आत आले. न कळवता. म्हणे सहज चक्कर टाकली.

त्यांनी ताईकडे पाहिलं. "ह्या कोण?"

मी म्हणालो, "ह्या... साफसफाईला येतात."

खरं सांगतो, बहीण आहे म्हणालो असतो तरी काही बिघडलं नसतं. बहीण भावाला डबा घेऊन येते, त्यात कुणाला काय? तिने बोल्ट लावले हे लपवायचं म्हटलं तरी बहीण लपवायची काही गरज नव्हती. पण ते काळे हात पाहून माझी जी गाळण उडाली, त्यात जीभ भलतीकडेच गेली. आणि एकदा गेली ती परत आणायला मी काही केलं नाही.

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि खाली बसून जमिनीवर सांडलेलं तेल पुसायला लागली. तिचे गुडघे दुखतात. घरात ती खाली बसत नाही, कुणी बसूही देत नाही.

साहेब म्हणाले, "मावशी, तिकडेही जरा पुसा. कुणाचा पाय घसरेल."

"हो साहेब," ताई म्हणाली, आणि तिकडेही पुसलं.

साहेब बराच वेळ थांबले. वर्षाच्या देखभालीचं जवळजवळ नक्की झाल्यासारखं आहे म्हणाले. मी हो हो करत होतो आणि माझं सगळं लक्ष त्या फडक्याच्या आवाजाकडे. ते गेल्यावर ताईला हात धरून उठवायला गेलो, तर ती आपली आपणच टायरला धरून उठली होती.

"ताई, ते आपलं घाईघाईत..."

"डबा खाल्लास का?" तिने विचारलं.

मंगळवार, ता. १८

ताईने घरी कुणाला काही सांगितलं नाही. हिने विचारलं, "ताईंचं काही बिनसलंय का? आज बोलत नाहीत." मी म्हणालो, "गुडघे दुखत असतील." हे निदान खरं होतं.

माफी मागावी असं दिवसभर मनात होतं. पण माफी मागायची म्हणजे ते वाक्य पुन्हा उच्चारायचं, आणि ते माझ्याच्याने होईना. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखी डबा घेऊन आली, घड्याळ काढलं, बोल्ट लावला, आणि काम झाल्यावर फडकं घेऊन आपणच जमीन पुसली. मी म्हणालो, "राहू दे." ती म्हणाली, "कुणी आलं तर?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार, ता. २०

आज ठरवून एकट्याने गाडी केली. ताईला सकाळीच सांगितलं, आज काम नाही, येऊ नकोस. डबा मीच घेऊन निघालो. तिच्या उपकाराखाली राहणार नाही म्हणजे तिचा असा अपमानही होणार नाही, असा माझा विचार. आता लिहिताना तो तितकासा बरोबर वाटत नाही, पण सकाळी वाटला होता.

सॉकेट पान्याच्या तोंडात ग्रीस भरून बोल्ट चिकटवला, लांब दांडी लावली आणि नेम धरून आत घातला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा राहिला. उलटा फिरवला. ते टक् म्हणतात ते काही लागलं नाही, पण लागलं असावं. मग सुलटा फिरवला. फिरत होता. मग घट्ट झाला, म्हणजे पुढे जाईना. हलवून पाहिला असता, पण तिथवर माझी बोटं नीट पोचत नाहीत. गाडी चालू केली, मस्त चालली. उशिरा का होईना जमलं. ड्रायव्हर येऊन घेऊन गेला तेव्हा मी शीळ घालत होतो.

जेवायला बसलो तर ही किंचाळली. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर मोठाले फोड. गरम पाइपाला हात लागला असणार, कामाच्या नादात समजलंच नाही. ताई उठली, मलम आणून लावलं. लावताना विचारलं, "आज काम नव्हतं ना?"

मी म्हणालो, "किरकोळ होतं."

मंगळवार, ता. २५

दुपारी व्हॅन परत आली. दोरीने ओढत. मी एकट्याने केलेली तीच.

पुलाच्या मधोमध बंद पडली होती. आत दवाखान्यातून घरी चाललेली एक म्हातारी पेशंट. मागून गाड्यांची रांग, कुणी हॉर्न वाजवतंय, कुणी ओरडतंय, ती घाबरून रडायला लागली. ड्रायव्हरने तिला दुसऱ्या गाडीत उचलून बसवलं. हे सगळं साहेबांनी मला बॉनेट उघडता उघडता सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं.

आरसा घालून पाहिलं. सेन्सर पुढच्या बोल्टावर लोंबत होता. मागचा बोल्ट जाग्यावर नव्हता. वाकडा चढला होता, आटे बसलेच नव्हते, पडला वाटेत कुठेतरी.

"मिस्त्री, हे कसं झालं?"

ताई डबा घेऊन आली होती आणि मागच्या दाराशी उभी होती. मला दिसत होती. दिसत असूनही मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "साहेब, त्या दिवशी सफाईच्या बाईंनी मध्ये हात घातला होता. मी त्यांना नुसतं धरायला सांगितलं होतं."

काम नीट झालं तेव्हा हात माझा बसला होता. बिघडलं तेव्हा हात बाईंचा झाला. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

ताई पुढे आली. तिने साहेबांना आधी विचारलं, "पेशंट बऱ्या आहेत ना?"

"आहेत. घाबरल्या फार."

"घरी कुणी आहे त्यांच्याजवळ?"

"मुलगी आहे." साहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मावशी, तुम्ही केलंत हे?"

त्या दिवशी ती गॅरेजात आलीच नव्हती. मीच येऊ नको म्हणालो होतो. हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. ती म्हणाली, "माझ्याच हातून राहिला, साहेब. चूक झाली."

साहेब मला म्हणाले, "ह्यांना पुन्हा माझ्या गाडीला हात लावू द्यायचा नाही. आणि आता हा बोल्ट तुम्ही लावा, माझ्यासमोर."

लावायला घेतला. हात आत, घामाच्या धारा, बोटात बोल्ट आहे की नाही तेच कळेना. साहेब पाठीशी उभे. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत शटरबाहेर गेले. ताई शेजारी आली. मी सरकलो. तिने माझ्या हातातून बोल्ट घेतला, गाल टेकवला, डोळे मिटले. साहेब परत आले तोवर ती मागच्या दाराशी जाऊन हात पुसत होती.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

बुधवार, ता. २६

ताई जाते म्हणतेय. प्रसूतिगृहातली तिची जुनी मैत्रीण दुसऱ्या गावी एकटी असते, तिच्याकडे. "बरेच दिवस बोलावतेय बिचारी," म्हणाली. ही माझ्याकडे बघत राहिली. हिला अजून काही माहीत नाही, पण बायकांना सगळं कळतं.

बसपर्यंत सोडायला गेलो. पिशवी मी धरली होती. वाटेत म्हणायचं होतं ते सोडून बसच्या वेळेबद्दलच बोलत राहिलो. ताईने बस सुटायच्या आधी खिडकीतून सांगितलं, "शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुझ्या बायकोला सांगून ठेवलंय. तेवढं जाऊन ये, माझ्यासाठी. आणि गरम इंजिनात हात घालू नकोस रे."

मी मान हलवली. बस गेली. माझ्यावर रागावून गेली की माझी अडचण नको म्हणून गेली, काही समजत नाही. दोन्हींत मला तोंड वर करायला जागा नाही.

शनिवार, ता. २९

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुई टोचून पाहिली. पापण्या किलकिल्या करायची सोय नव्हती, डोळ्यांवर पट्टी बांधली. पाहून झाल्यावर म्हणाले, साखर बऱ्याच दिवसांपासून वाढलेली दिसतेय, बोटांच्या नसांवर परिणाम झालाय. गोळ्या दिल्या. मी विचारलं, हात पहिल्यासारखा कधी होईल? ते म्हणाले, आहे तेवढं तरी सांभाळू. ते स्वभावाने सावध दिसतात. माझ्या अंदाजाने गोळ्या नीट घेतल्या तर दोन-तीन महिन्यांत हात पहिल्यासारखा चालेल.

मग ते म्हणाले, "तुमच्या बहिणीला लवकर समजलं म्हणून बरं. दोन आठवड्यांपूर्वीच मला भेटून गेल्या. मी म्हटलं, हातांची कामं लगेच बंद करायला सांगा. तर म्हणाल्या, ते तो ऐकणार नाही, तोवर त्याच्यासोबत मी उभी राहते."

ही शेजारच्या खुर्चीवर होती. मला तिच्यासमोर रडू आवरेना. डॉक्टरांना वाटलं, साखरेच्या धक्क्याने. त्यांनी धीर दिला. घरी येताना हिला वाटेतच सगळं सांगितलं, फडक्यापासून पुलापर्यंत. हिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा."

सोमवार, ता. १

सकाळी डेपोत गेलो. साहेब गाड्यांमध्ये उभे होते, चार-पाच ड्रायव्हर आजूबाजूला. साहेब म्हणाले, आत ऑफिसात बसू. मी म्हणालो, इथेच बरं आहे.

सांगितलं. बोलताना अडखळलो, मधेच पाणी मागितलं, पण सांगितलं. मागचे बोल्ट मी लावलेले नाहीत. सगळे तिने लावले, आणि त्यांतला एकही सुटला नाही. सुटला तो माझा. त्या दिवशी ती गॅरेजात नव्हतीच. ती सफाईची बाई नाही, माझी सख्खी थोरली बहीण आहे, आणि मी तुमच्यासमोर तिला जमीन पुसायला लावली.

ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांना आठवत असावं, तिकडेही जरा पुसा म्हणाले होते ते. त्यांचाही चेहरा उतरला.

मग म्हणाले, "मिस्त्री, बोल्ट कुणी लावला याच्याशी मला देणंघेणं नाही. बहिणीने लावला असता तर मी कौतुकच केलं असतं. पण माझ्या गाडीत आजारी माणसं बसतात. काही बिघडलं तर तुम्ही आधी खरं सांगाल याची मला खात्री हवी. ती आता नाही. वर्षाचं काम मी तुम्हाला देऊ शकत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. याहून दुसरं काय म्हणणार? मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

चालत घरी आलो. गॅरेजचं शटर आज उघडलंच नाही. किती दिवस उघडता येईल तेही आता सांगवत नाही, आणि त्या काचवाल्यांनाही असली बोटं नकोच असतील. गंमत म्हणजे त्याची भीती वाटायला हवी तेवढी वाटली नाही. दुसरीच भीती जास्त होती. ताईला फोन करायचा होता.

ही स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. फोन लावला. ताईनेच उचलला.

"काय रे, डॉक्टरांकडे गेलास का?"

"गेलो. गोळ्या दिल्यात. घेतोय."

"पायांचंही बघितलं ना त्यांनी?"

"बघितलं. ताई, मी आज डेपोत गेलो होतो. साहेबांना सांगून आलो. सगळ्यांसमोर."

"काय सांगितलंस?"

"की तू माझी बहीण आहेस."

मला वाटलं, फोन कट झाला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय होतं रे?"

फोन कानाशी धरून तसाच बसून राहिलो. तिनेही ठेवला नाही.